नकाशाचं टेबल

विमानाच्या पोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवायच्या आधी मी दोन दिवस थांबले होते. एकदा त्या जोडल्या की आतलं काही कुणाला दिसणार नव्हतं. चालकांच्या बैठकांमागे, नॅव्हिगेटर बसायचा त्या जागी, मी एक टेबल करून बसवलं होतं. पेटीतल्या भागांत ते नव्हतं. फोटोत पाहून मी ते प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलं, जेमतेम अर्धा इंच रुंद. त्यावर करवंदाच्या पानाएवढाही नाही असा कागद चिकटवला आणि सगळ्यात बारीक टोकाच्या पेनाने त्यावर सिलोनचा दक्षिण किनारा काढला. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या हाताला तो आकार न बघता काढता येतो.

विमान होतं कॅटलिना. दुसऱ्या महायुद्धातली उडती नौका. पाण्यावरून उडायचं, पाण्यावरच उतरायचं. माझ्या भाच्याने पुण्याहून तो किट पाठवला, मी निवृत्त झाले त्या वर्षी. त्याने लहानपणी अशी विमानं जोडली होती, आणि मी सुट्टीत त्याच्याकडे गेले की त्याच्या शेजारी बसून भाग घासून द्यायचे. "मावशी, आता तुझं तू कर," असं त्याने पेटीवर लिहून पाठवलं.

प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खरं सहा फूट इथे एक इंच. खऱ्या कॅटलिनाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 104 फूट, सुमारे पावणेबत्तीस मीटर. माझ्या टेबलावर ते 44 सेंटिमीटर झाले. लांबी साडेएकोणीस मीटर, ती झाली 27 सेंटिमीटर. जुन्नरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिने अडवला, आणि खिडकीतून दिसणाऱ्या शिवनेरीकडे पाठ करून मी तीन महिने तिथे बसले.

पेटीतली कॅटलिना चाकं असलेली होती, जमिनीवरही उतरू शकणारी. मला हवी होती ती बिनचाकांची. कारण ज्या विमानासाठी मी हे करत होते त्याला चाकं नव्हती. तेव्हा पोटाच्या दोन्ही बाजूंना चाकं मिटून बसायची जी खोल जागा होती, ती मला बुजवावी लागली. आतून पत्रा लावला, वरून पुट्टी भरली, वाळली की पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली. पुट्टी वाळताना आकसते आणि कडेला केसाएवढी भेग उरते. बोटाला ती जाणवते, डोळ्याला दिसत नाही. रंग दिला की मात्र स्पष्ट दिसते. सहा वेळा भरून घासल्यावर मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि कुठे काही लागलं नाही, तेव्हा पुढे गेले. त्या एका कामाला दहा दिवस लागले आणि मला ते सगळ्यात जास्त आवडलं.

आता ते विमान कोणतं ते सांगते.

एप्रिल 1942. सिंगापूर पडलं होतं, रंगून पडलं होतं, आणि जपानी आरमार हिंदी महासागरात शिरलं होतं. सिलोनच्या दक्षिण टोकाला, गॉलजवळ, कोग्गला नावाचं सरोवर आहे. तिथे कॅनडाच्या हवाई दलाची 413 क्रमांकाची तुकडी कॅटलिना घेऊन नुकतीच आली होती. 4 एप्रिलला लिओनार्ड बर्चल नावाचा अधिकारी आणि आठ जण, असे एकूण नऊ जण दिवसभर समुद्रावर गस्त घालत होते. कॅटलिना हळू विमान, पण एकदा उडालं की जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र हवेत राहील इतकं इंधन त्यात मावायचं. गस्त संपत आली असताना त्यांना दक्षिणेच्या क्षितिजावर ठिपके दिसले. जवळ गेल्यावर ठिपक्यांची जहाजं झाली, आणि त्यात विमानवाहू जहाजं होती.

इथे मला थांबावंसं वाटतं. नुसतं 'जपानी आरमार दिसलं' असं कळवून कोलंबोला काही उपयोग नव्हता. कुठे दिसलं, कोणत्या दिशेला चाललंय, किती वेगाने, हे तिन्ही सांगायला हवं होतं. आणि आरमार कुठे आहे हे सांगायचं तर आधी आपण कुठे आहोत हे माहीत हवं. खाली खुणेला एक दगड नाही, झाड नाही. सकाळपासून किती वेगाने, कोणत्या दिशेने, किती वेळ उडालो, वाऱ्याने किती बाजूला ढकललं, याचा हिशोब एक माणूस त्या टेबलावर पेन्सिलने मांडत असतो. मध्येच सेक्स्टंटने सूर्याचा कोन घेतो आणि हिशोब दुरुस्त करतो. त्याने तो दिवसभर नीट मांडला होता, म्हणून संदेशात घालायला आकडे होते.

संदेश गेला. तोच पुन्हा पाठवत असताना झिरो या जपानी लढाऊ विमानांनी कॅटलिनाला घेरलं आणि गोळ्यांनी रेडिओ निकामी झाला. बर्चलने पेटलेलं विमान पाण्यावर उतरवलं. नऊपैकी तिघे गेले, सहा जणांना जपानी विनाशिकेने उचललं आणि ते युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला, पण तोपर्यंत बंदरातली बरीच जहाजं बाहेर काढली होती. त्यानंतरही नुकसान फार झालं. डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या ब्रिटिश क्रूझर त्याच दिवशी बुडाल्या, 9 तारखेला हर्मीस ही विमानवाहू बुडाली. 6 तारखेला तर विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. आपल्या किनाऱ्यावर युद्ध आलं होतं, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही आणि मीही वर्गात कधी शिकवलं नाही, याची मला खंत आहे.

बर्चल कैदेतून परतला आणि 2004 साली म्हातारपणी वारला. नकाशावर पेन्सिल चालवणाऱ्यांबद्दल मात्र लोक कमी बोलतात. मला त्या टेबलाची ओढ का, त्याचं कारण आमच्या घरात आहे.

7 जुलै 1962. मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता. बँकॉकहून मुंबईला येणारं इटलीचं अलितालिया कंपनीचं डीसी-8 विमान जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगराला धडकलं. 94 माणसं होती, एकही वाचलं नाही. मुंबई तिथून सुमारे 84 किलोमीटर. चौकशीत निघालं की आपण मुंबईच्या जास्त जवळ आलोय असं समजून वैमानिकांनी विमान लवकर खाली आणलं. आषाढातला पाऊस, ढग, अंधार. आमच्या सह्याद्रीचा डोंगर त्या ढगात होता.

मी तेव्हा दोन वर्षांची. माझे वडील, आबा, गावातल्या माणसांबरोबर वर गेले होते. त्यांनी त्याबद्दल मला कधीच पूर्ण सांगितलं नाही. आई सांगायची की परत आल्यावर कित्येक दिवस ते घरात रॉकेलचा स्टो पेटवू देत नसत, चूल पेटवा म्हणायचे. डोंगरावर सगळीकडे तोच वास होता. मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यांना वाटलं, मुंबई आली."

मी वर्गात फळ्यावर अक्षांश-रेखांश काढायचे तेव्हा हे वाक्य माझ्या डोक्यात असायचं. जुन्नर 19 अंश 12 मिनिटं उत्तर. मुलांना वाटायचं, आकडे पाठ करायला दिलेत. मी सांगायचे, हे पाठ करण्यासाठी नाहीत, आपण कुठे आहोत ते दुसऱ्याला सांगता यावं यासाठी आहेत. डोंगराचं नाव मात्र मी त्यांना सांगितलं नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी ते सांगितलंच असणार.

म्हणून विमान रंगवायला थिनरची बाटली पहिल्यांदा उघडली आणि रॉकेलसारखा तो वास खोलीभर पसरला, तसा माझा हात थांबला. मी खिडकी उघडली आणि त्या दिवशी रंगकाम केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रंगाचं काम पडवीत हलवलं.

मधल्या काळात आम्ही गोव्याला गेलो. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे उघड्यावर एक सीलँड उभं आहे. 1953 साली भारतीय नौदलाने कोचीला आपली पहिली विमानं आणली ती हीच, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी, एकूण दहा. कॅटलिनापेक्षा खूप लहान. पण मी आयुष्यात पहिल्यांदा उडत्या नौकेच्या खाली वाकून तिचं पोट हाताने पाहिलं. पुढून होडीसारखं टोकदार, आणि मध्यावर आडवी पायरी, जणू कुणी तळ कापून मागचा भाग थोडा वर उचलून बसवलाय. ती पायरी नसेल तर विमान पाण्यावरून सुटत नाही. वेग वाढला तरी गुळगुळीत तळ पाण्याला चिकटून राहतो; पायरीपाशी पाणी तळापासून तुटतं, हवा शिरते आणि नौका पाण्याच्या वर घसरू लागते. घरी माझ्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या पोटाला हीच पायरी होती आणि पहिल्या आठवड्यात मी ती साच्याचा दोष समजून घासायला निघाले होते.

परतल्यावर पाऊस लागला. जुन्नरच्या पावसात रंगाचं काम कठीण. हवेत ओल असली की चकचकीत रंगावर पांढुरकी झाक येते. पंखांच्या वरच्या बाजूला गडद समुद्री करडा आणि स्लेटी हिरवट, असे दोन पट्टे वळणावळणाने द्यायचे असतात, खाली फिका रंग. वीज दुपारी जायची. उजेड पडवीत यायचा तेवढ्या वेळात मी पट्टे ओढायचे आणि भांड्याखाली झाकून ठेवायचे, धूळ बसू नये म्हणून. पंखांवरच्या वर्तुळात मध्ये लाल ठिपका ठेवला. नंतर या भागातल्या ब्रिटिश विमानांवरून तो लाल ठिपका काढून टाकला, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. एप्रिलमध्ये तो होता.

सगळ्यात जपून काम होतं ते पारदर्शक फुग्यांचं. कॅटलिनाच्या कमरेशी दोन्ही बाजूंना काचेचे मोठे फुगे आहेत, त्यातून माणूस बाहेर वाकून समुद्र न्याहाळायचा. प्लास्टिकचा नेहमीचा गोंद लावला तर त्याच्या वाफेने पारदर्शक भाग कायमचा धुरकट होतो. भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, फेव्हिकॉल." टाचणीच्या टोकाने कडेला फेव्हिकॉल लावला. पांढरा दिसतो, वाळला की काचेसारखा होतो. ही गोष्ट शिकवणाऱ्या कुणीतरी आधी फुगे खराब केले असणार, त्याचे मी मनात आभार मानले.

या सगळ्याच्या आधी, पोटाच्या बाजू जोडायचा दिवस मात्र मी पुढे ढकलतच होते. पुन्हा एकदा बॅटरी लावून आत पाहिलं. टेबल, त्यावरचा कागद, कागदावरची किनारपट्टी. पेन्सिल करायचीही इच्छा होती, पण एकास बहात्तरमध्ये पेन्सिल म्हणजे केसाचा तुकडा. माझ्या वेणीतला पांढरा केस तोडून मी तो टेबलावर आडवा चिकटवला. मग गोंद लावून बाजू जुळवल्या, कपड्याचे चिमटे लावले आणि रात्रभर तसंच ठेवलं. पंख आणि रंग त्यानंतर.

पूर्ण झाल्यावर भाचा बायको-मुलाला घेऊन आला. मूल सात वर्षांचं. दुसऱ्या दिवशी सगळे भीमाशंकरला निघालो. घोडेगाव सोडलं आणि रस्त्याच्या उजवीकडे डिंभ्याचं पाणी दिसू लागलं. माझं आजोळ या पाण्याखाली आहे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव मिळालं ते आंबेगावही याच पाण्याखाली गेलं. आईने शेवटपर्यंत या रस्त्याने जायचं टाळलं, मी मात्र दर वेळी गाडी थांबवते. त्या दिवशीही थांबवली.

मुलाने विमान मांडीवर आणलं होतं, मी दिलं म्हणून. त्याने खिडकीतून पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, हे इथे उतरेल?"

मी पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या डोंगरावर ढग बसायला लागले होते. पाण्याला वळणं होती, पण मधे एक सरळ पट्टा होता, लांबीला पुरेसा वाटला.

"दिवसा उतरेल," मी म्हटलं. "रात्री पावसात नाही. डोंगर दिसले पाहिजेत."