क्लबातला पहिला महिना आणि एक फोटो

तुमच्या फोनमध्ये किती फोटो आहेत, कधी मोजलेत? माझ्या फोनमध्ये तेव्हा सात हजारांवर होते आणि त्यातले निम्मे स्क्रीनशॉट. तरीही माझ्या प्रोफाइलवर 'फोटोग्राफीची आवड' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. कंटेंट रायटरला अशी वाक्यं लिहायची सवयच लागते.

मी मूळची बेळगावची. बी.ए. इंग्लिश झालं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला आले, नोकरी लागली, आणि मग घरूनच काम सुरू झालं. एका आठवड्यात मी 'बेंगळुरूतली न चुकवावीत अशी दहा ठिकाणं' हा लेख लिहिला. पाठवल्यावर लक्षात आलं, त्यातली सात मी पाहिलीच नव्हती. आणि दूध देणारे अण्णा सोडले, तर चार दिवसांत कुणाशी समोरासमोर बोलले नव्हते. त्याच रात्री आमच्या भागातल्या एका छोट्या फोटोग्राफी क्लबाचा फॉर्म भरला.

आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, फोनमध्ये कॅमेरा नाही का?" तोवर मी एकोणीस हजारांना वापरलेला डीएसएलआर आणि सोबतची १८-५५ लेन्स घेऊन बसले होते. तुम्ही ही चूक करू नका. आधी पाहुणे म्हणून दोन सभांना जाऊन बसा. आमच्या क्लबात अर्धे लोक फोनवरच काढतात आणि माझ्यापेक्षा बरे काढतात.

बेंगळुरू हे अशा क्लबांचं जुनं गाव आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. म्हैसूर फोटोग्राफिक सोसायटी इथं १९३२ सालची. १९५३ मध्ये डॉ. जी. थॉमस यांनी देशभरातल्या क्लबांना जोडणारं फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी याच शहरात उभं केलं. यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ पासून चालू आहे. टी. एन. ए. पेरुमल यांच्यासारखे वन्यजीव छायाचित्रकार याच वातावरणात घडले. आणि आपल्याला जवळचं वाटावं असं एक नाव म्हणजे संडूरच्या मराठी राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे. राज्याचे अर्थमंत्री असलेला हा माणूस जंगलात तासन्‌तास बसून कृष्णधवल फोटो काढायचा. क्लबातल्या काही ज्येष्ठांच्या नावापुढे 'एएफआयएपी' अशी अक्षरं असतात. मला आधी ती डॉक्टरेट वाटली! आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ठरावीक संख्येनं फोटो स्वीकारले गेले की तो किताब मिळतो.

पहिली सहल लालबागेत होती. अट एकच. दोन तासांत फक्त बारा फोटो, आणि एकही पुसायचा नाही. मी पहिल्या दहा मिनिटांत नऊ उडवले. उरलेले तीन हातात घेऊन जवळजवळ दोन तास फिरले, तेव्हा कुठे त्या मोठ्या खडकाकडे नीट पाहिलं. तीनशे कोटी वर्षांच्या आसपास जुना दगड तो, आणि लोक त्यावर बसून चुरमुरे खातात.

दुसरी सहल के. आर. मार्केटची. फुलांचा बाजार पहाटेच भरतो. वरच्या मजल्यावरून खाली पाहिलं की झेंडू-शेवंतीचे ढीगच ढीग दिसतात. आपल्या अबोलीला इथं कनकांबर म्हणतात आणि माळलेलं फूल 'मोळ'वर विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप. आत उजेड कमी, त्यामुळे माझे पहिले फोटो सगळे हललेले. एका सरांनी आयएसओ १६०० वर नेऊन दिला आणि म्हणाले, "फोटो थोडा खरखरीत आला तरी चालेल, हलला तर काहीच उरत नाही." त्यानंतर मला एक फोटो मिळाला. अबोलीच्या टोपलीमागे बसलेली बाई पदरानं डोळे पुसतेय आणि वरून उजेडाची एक तिरीप तिच्या हातावर आलीय. मी थोडी लांब, खांबाआड होते. घरी आल्यावर त्याला नाव दिलं, 'ओझं'.

महिन्याच्या सभेत फोटो भिंतीवर दाखवतात, पण कुणाचा ते सांगत नाहीत. 'ओझं' आल्यावर खोली शांत झाली. कुणीतरी म्हणालं, या महिन्याचा पहिला नंबर हाच. माझे कान गरम झाले. मग त्याच सरांनी विचारलं, "फोटो काढलाय, हे या बाईंना माहीत आहे का?"

खरं सांगते, गप्प बसता आलं असतं. नाव कुठं होतं त्यावर? पण मी हात वर केला आणि म्हणाले, "नाही." सर रागावले नाहीत. "नियमात बसतो. स्पर्धेला द्यायचा की नाही, तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले आणि पुढचा फोटो लावला. तो एका मांजराचा होता.

रविवारी मी फोटोची प्रिंट घेऊन मार्केटात गेले. माझं कन्नड बेळगावचं, प्रत्येक वाक्याला 'री' लावणारं. इथं लोक त्यावर हसतात. ती बाईही हसली, कुठली म्हणून विचारलं, बेळगाव ऐकून "लांब" म्हणाली. मग मी प्रिंट पुढं केली. तिनं ती बराच वेळ पाहिली. विचारलं, "अजून कुणी बघितलाय?" मी म्हटलं, "वीसेक जणांनी." ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग "बेडा," म्हणाली. नको. कारण सांगितलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी तिचे डोळे कशानं भरले होते, हे मला माहीत नाही. शीर्षक मात्र मी देऊन मोकळी झाले होते.

प्रिंट तिच्याकडंच राहिली. कॅमेऱ्यातला फोटो तिच्यासमोर पुसला, घरी येऊन लॅपटॉपवरचाही. वाईट वाटलं, लपवत नाही. इतका चांगला फोटो माझ्याकडून पुन्हा निघेल की नाही, कुणास ठाऊक. निघताना दोन मोळ कनकांबर घेतलं. तिनं आपल्या हातानं मोजून दिलं आणि एक रुपयाही कमी केला नाही.

स्पर्धेला मी लालबागेचा खडक दिला. नंबर आला नाही. "क्षितिज तिरकं आहे," असा शेरा मिळाला, आणि ते होतंच तिरकं. आईला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अबोली केसात तरी माळलीस का?" माळली होती.

पुढच्या महिन्याचा विषय आहे 'हात'. येत्या रविवारी पुन्हा मार्केटात जाणार आहे. फूल मोजतानाचा नुसता हात चालेल का, चेहरा नको, एवढंच विचारणार आहे. 'री' लावूनच.