गुरुवारची निगा

आपल्या लोकांनीं आठवड्याचे सातहि वार निरनिराळ्या देवतांना वांटून दिले आहेत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा. मोरया गोसावींच्या चिंचवडांत राहत असल्यामुळें मंगळवारची आणि चतुर्थीची गर्दी मला नित्याचीच आहे. परंतु आमच्या पिंपरी-चिंचवडचा खरा वार कोणता, असें कोणी विचारलें, तर मी गुरुवार असेंच सांगेन, आणि तेंहि दत्तासाठीं नव्हे. गुरुवार हा आमच्याकडे दुरुस्तीचा वार आहे. कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुटी त्या दिवशीं असते. वीज कंपनीचे लोक खांबांवर चढतात ते बहुधा त्याच दिवशीं. पवनेचें पाणी रावेतला उचलून निगडीला शुद्ध करतात. तेथील पंपांची डागडुजी निघाली, कीं 'गुरुवारीं पाणीपुरवठा बंद' ही सूचना वर्तमानपत्रांत झळकते. बाहेरगांवचा पाहुणा ती वाचून कपाळाला आठ्या घालतो. आम्ही बुधवारीं रात्रीं पिंप भरून ठेवतों आणि स्वस्थ झोपतों.

या वाराचा गुण मलाहि लागला आहे. माझ्या टेबलावरचा संगणक दहा वर्षांचा जुना. गुरुवारीं महाविद्यालयांतून परत आलों, चहा झाला, कीं मी त्याच्या सेवेला बसतों. घरांतल्या मंडळींना हा माझा एक छंद वाटतो. चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस असलेला माझा मुलगा पहिल्यानें म्हणे, "बाबा, एवढा वेळ यांत घालवतां, त्यापेक्षां नवा कां नाहीं घेत?" नव्या पिढीचा हिशेब असा आहे खरा. वस्तु कुरकुरूं लागली, कीं ती बदलावी. माझा हिशेब निराळा आहे, आणि तो मला आमच्या शेजारच्या काकांनीं शिकविला.

हे काका मोटारींच्या एका कारखान्यांत तीस वर्षें देखभाल खात्यांत फिटर होते. निवृत्त झाल्यावरहि त्यांच्या खिशांतलें फडकें सुटलेलें नाहीं. एका उन्हाळ्यांत माझा संगणक मंद चालूं लागला, मधूनच बंद पडूं लागला. घरांत व्हायरसपासून दृष्ट लागण्यापर्यंत सर्व तर्क होऊन गेले. काकांनीं पेटीच्या जाळीला तळहात लावला आणि ते म्हणाले, "सर, याला ताप आहे. आधीं पुसूं या." वायर काढून पेटी उघडली, तों आंत राखाडी धुळीची गोधडीच पसरलेली! चाकणच्या रस्त्यावरच्या मालमोटारी आणि चोहोंकडे चाललेलीं बांधकामें यांचा थोडा थोडा प्रसाद आमच्या प्रत्येक खिडकींतून घरांत येतोच.

संगणकाच्या प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांची एक चळत असते. प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांत उतरते आणि पंखा ती बाहेर घालवितो. मधल्या फटी धुळीनें बुजल्या, कीं उष्णता आंतच कोंडते. मग प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर यंत्र बंद पडतें. आपण मात्र तें म्हातारें झालें असें ठरवून मोकळे होतों. काकांनीं एक मऊ कुंचला आणि हातानें दाबावयाचा रबरी फुगा आणला. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगांतली स्थिर वीज घालविली. पंख्याचें पातें एका बोटानें धरून ठेवलें, कारण फुग्याच्या वाऱ्यानें तें भलतेंच गरगरलें, तर त्याचें बेअरिंग दुखावतें. अर्ध्या तासानें यंत्र सुरू केलें, तें पूर्वीसारखें निमूटपणें चालूं लागलें.

"आमच्याकडे पुसणें म्हणजेच तपासणें," हात पुसतां पुसतां काका म्हणाले. हें सूत्र त्यांचें एकट्याचें नव्हे. जपानांत निप्पॉनडेन्सो या कंपनीनें १९७१ पर्यंत ही पद्धति अंगीं बाणविली आणि सेइइची नाकाजिमा यांनीं तिचा जगभर प्रसार केला. आमच्या पट्ट्यांतल्या कारखान्यांतून ती टी. पी. एम. या नांवानें रुळली आहे. यंत्राची निगा हें केवळ दुरुस्ती खात्याचें काम नव्हे. जो तें चालवितो, त्यानेंच तें रोज पुसावें, त्याला तेल द्यावें, सैल झालेलें आवळावें, एवढेंच तिचें सार. पुसतां पुसतां चीर, गळती, ढिला बोल्ट हीं हाताला आपोआप लागतात. खंडेनवमीला आमच्याकडे लहानमोठ्या सर्व यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. काकांना ती पूजा मनापासून आवडते, परंतु ते म्हणतात, "पूजा वर्षांतून एकदां. पुसायचं रोज."

संगणकाला तेल लागत नाहीं. पण त्याचीहि नित्यकर्में आहेत. यंत्र सुरू होतांच न बोलावतां जागे होणारे प्रोग्रॅम लग्नघरांतल्या आगंतुकांसारखे असतात. त्यांना नम्रपणें दारांतूनच परत पाठवावें. डिस्क कांठोकांठ भरूं देऊं नये. जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर विखुरलेल्या फाइली एकत्र लावून घेण्यांत अर्थ असे, एस. एस. डी.मध्यें फिरणारें कांहींच नसल्यामुळें तेथें तो खटाटोप नको. सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या, कीं 'उद्यां पाहूं' न म्हणतां त्या बसवाव्या. आणि एका क्लिकसरशीं वेग दुप्पट करून देणाऱ्या प्रोग्रॅमांकडे, जत्रेंतल्या वैदूकडे पाहावें, तसें दुरूनच पाहावें.

निगेनें यंत्राला अमरत्व येतें असें मात्र नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला, आणि विंडोज ११ च्या अटींत माझा जुना प्रोसेसर बसेना. निवृत्तीचें वय जवळ आलेल्या माणसाला ही बातमी थोडी अंगाला लागतेच! तेव्हां 'नवा घ्या' म्हणणारा माझा मुलगाच एका गुरुवारच्या सुटींत त्या यंत्रापाशीं बसला आणि त्यानें त्यावर लिनक्स बसवून दिलें. पेटींतली स्वच्छता पाहून तो एवढेंच म्हणाला, "आमच्या शॉपमध्यें हें यंत्र ऑडिटला पास होईल." मला याहून मोठें प्रशस्तिपत्र नको होतें.

परंतु यंत्र जगावें, हा या सर्व सेवेचा शेवटचा हेतु नाहीं. त्यांत काय ठेवलें आहे, हा खरा प्रश्न. माझ्या यंत्रांत माझ्या आईचा आवाज आहे. गांवच्या घरीं तिनें जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्याचें चाळीस मिनिटांचें ध्वनिमुद्रण. आई आज नाहीं. डिस्क कधीं कधीं कसलीहि पूर्वसूचना न देतां जाते. म्हणून जाणते लोक सांगतात, कीं तीन प्रती ठेवाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. आमची बाहेरची प्रत धाकट्या बहिणीकडे साताऱ्याला आहे. पण प्रत केली म्हणजे काम संपलें असें नव्हे. ती उघडते कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. म्हणून महिन्याच्या पहिल्या गुरुवारीं मी आमच्याजवळची प्रत लावून पाहतों. तपासणीला अर्धें मिनिट पुरे आहे. परंतु त्या दिवशीं स्वयंपाकघरांतला भांड्यांचा आवाज थांबतो, आणि चाळीस मिनिटें होईपर्यंत कोणी उठत नाहीं.

निगेचें काम असें, कीं तें नीट झालें म्हणजे दाखवावयाला कांहींच उरत नाहीं. यंत्र बंद पडलें तर दुरुस्त करणाऱ्याचें नांव होतें. जें बंदच पडलें नाहीं, त्याबद्दल कोणाचे आभार मानावयाचे? नव्या वस्तूच्या उद्घाटनाला आपण नारळ फोडतों, पेढे वांटतों. ती दहा वर्षें चालती ठेवली म्हणून पेढे वांटल्याचें मीं अजून पाहिलेलें नाहीं. काकांच्या तीस वर्षांचें फळ म्हणजे जे अपघात झाले नाहींत ते, आणि त्यांची नोंद कोणत्याच वहींत नाहीं. आमच्या घरांतून तर हें काम बहुधा बायकांनींच केलें, आणि तें काम आहे असें कोणी म्हटलें नाहीं. माझ्या लहानपणीं गांवांत वीज बेभरंवशाची होती. रोज दिवेलागणीपूर्वीं आई कंदिलाची काच राखेनें पुसून लख्ख करी. तिच्याच उजेडांत आम्ही भावंडें शिकलों. तो उजेड कंदिलाचा आहे, असेंच आम्हां सर्वांना त्या वेळीं वाटे.