क्लोसचं गणित

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या क्लोसबद्दल, म्हणजे पाण्यात शिजवलेल्या बटाट्याच्या गोळ्यांबद्दल, बोलणारा माणूस आधी प्रमाण सांगतो: दोन भाग कच्चा बटाटा, एक भाग उकडलेला. प्रमाण बरोबरच आहे. पण ते काटेकोर पाळूनही क्लोस पाण्यात विरघळतात, आणि मग खापर बटाट्याच्या जातीवर फुटतं, नाहीतर करणारीच्या हातावर. माझ्या मते या पदार्थाची सगळी मेख तापमानात आहे. कच्चा कीस पिळायचा तो कोरडा व्हावा म्हणून, असं सगळेच सांगतात. पिळल्यावर त्याचं वजन घटतं आणि तापमानासाठी तेच महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही. हे लिहायला निमित्त झालं ते माझ्या मनगटांचं. दोन किलो कीस फडक्यात बांधून खडखडीत पिळण्याइतका जोर आता त्यांत राहिलेला नाही, तेव्हा पिळणं नेमकं कशासाठी, याचा हिशेब मांडणं भाग पडलं.

हिशेब साधा आहे. बटाट्याचा स्टार्च साधारण 60 ते 70 अंश सेल्सियसच्या दरम्यान फुगतो आणि चिकट होतो. 2 किलो कच्चा कीस नीट पिळला की वजन जवळपास निम्म्यावर, म्हणजे किलोभरावर येतं. 1 किलो उकडलेला बटाटा पाणी घालून सरसरीत केला की दीड किलोच्या घरात जातो. हा लगदा 98 अंशांवर खदखदत असताना 20 अंशांच्या किसावर ओतला, तर मिश्रण 67 अंशांच्या आसपास पोचतं. भांड्याने आणि हवेने थोडी उष्णता खाल्ली तरी किसातला काही स्टार्च शिजतो, काही कच्चा राहतो, आणि शिजलेला कच्च्याला धरून ठेवतो. तोच कीस न पिळता घेतला तर दीड किलो गरम लगद्यासमोर 2 किलो थंडगार कीस उभा राहतो आणि मिश्रण 53 अंशांवरच अडकतं. तिथे स्टार्च ढिम्म हलत नाही. जानेवारीत थंड तळघरातून 8 अंशांचा बटाटा वर आणून लगेच किसला, तर उत्तम पिळूनही गाडी 62 वर थांबते, म्हणजे काठावर पास. रविवारी दुपारी क्लोस करायचे तर बटाटे शनिवारी रात्रीच स्वयंपाकघरात आणून ठेवावेत, एवढं शहाणपण या आकड्यांतून आपोआप निघतं. मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला यातलं काही नवं वाटणार नाही. पाण्याला आधण आलेलं नसताना पिठी टाकली की कळी फाटते, तोच हा प्रकार.

कुणी म्हणेल, क्लोस शेवटी गरम पाण्यात वीस मिनिटं शिजतोच, मग आधी एवढी घाई कशाला? शिजतो, पण बाहेरून आत. उष्णता गाभ्यापर्यंत पोचेस्तोवर वरचा थर सुटा पडून पाण्यात वाहून जातो आणि पातेल्यात पांढरी पेज तेवढी उरते. म्हणून गोळा पाण्यात जाण्याआधीच त्याला स्वतःची पकड हवी. ती आली की नाही हे थर्मामीटरशिवायही कळतं: ओतता ओतता जोरात ढवळलं की खडूसारखा निस्तेज कीस बघता बघता काचेसारखा चमकू लागतो, लाकडी चमचा जड होतो आणि गोळा भांड्याची कड सोडतो. चमक आली नाही तर पुढे काहीही करून उपयोग नाही. पिळलेल्या पाण्याच्या तळाशी बसलेलं सत्त्व किसात परत घालायचं ते मात्र लगदा ओतण्याआधी. नंतर घातलं तर ते कोरडं राहून दाताखाली कचकचतं. मधोमध लोण्यात परतलेले पावाचे तुकडे ठेवतात ते चवीसाठी, असं सगळे मानतात. मला त्यात आणखी एक शहाणपण दिसतं. शिजायला सगळ्यांत अवघड जी जागा, तिथे बटाटा ठेवलेलाच नाही.

दुसरा आक्षेप अंडं आणि रवा घालणाऱ्यांचा. त्यांचा क्लोस फुटत नाही, हे कबूल. पण अंड्याने धरलेला गोळा रस्सा पीत नाही. क्लोस सुरीने न कापता दोन काट्यांनी फाडतात, कारण खडबडीत फाटलेल्या अंगात भाजलेल्या मांसाचा रस्सा मुरतो. रव्याच्या गोळ्यावरून तो ओघळून ताटभर होतो. बव्हेरियातले लोक पावाचे गोळे करतात ते उत्तमच असतात, पण बटाट्याच्या बाबतीत त्यांनी थुरिंगियाला शिकवायला जाऊ नये. राहिली तयार पिठाची पाकिटं. वेर्नर एकार्ट यांनी 1949 साली म्युनिकमध्ये ‘प्फानी’चं क्लोसपीठ बाजारात आणलं आणि किसणी-फडक्यातून असंख्य बायकांची सुटका केली. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी 2 किलो बटाटे हाताने किसून दाखवावेत. माझी तक्रार एवढीच आहे की पाकिटातला क्लोस सगळीकडे सारखाच लागतो. घरच्यात शिजलेल्या आणि अर्धवट शिजलेल्या स्टार्चचा जो दाणेदार भेद जिभेला कळतो, तो त्यात नसतो.

आता पांढरेपणाबद्दल. कच्चा बटाटा हवेत काळवंडतो, म्हणून पूर्वी किसाला गंधकाची धुरी देत. आजही तयार पिठाच्या बऱ्याच पाकिटांवर सल्फाइट लिहिलेलं सापडतं. घरगुती उपाय म्हणजे कीस थेट गार पाण्यात पडू द्यायचा. म्हणजे ज्या किसाला ऊब हवी त्यालाच थंड करायचं! करड्या क्लोसची चव रतीभरही कमी नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी गार पाण्याचाच मार्ग धरते. ताटात शुभ्र क्लोस बघून पाहुण्याच्या भुवया वर गेल्या की मला बरं वाटतं, याखेरीज दुसरं कारण नाही.

परंपरेच्या नावाने हाताने पिळण्याचा आग्रह धरणाऱ्यांना थुरिंगियानेच कधीचं उत्तर देऊन ठेवलंय. तिथे लाकडी, मग लोखंडी दाबयंत्रं घरोघरी होती, आणि पूर्व जर्मनीच्या काळात तर लोक कीस पिशवीत घालून कपडे पिळण्याच्या यंत्रात फिरवत. त्याने कुठल्या आजींना विटाळ वगैरे झाला नाही. उलट यंत्र माणसापेक्षा जास्त पाणी काढतं, म्हणजे गणित सोपंच करतं. त्यामुळे माझ्या मनगटांची मला आता फारशी चिंता नाही. कपड्यांच्या यंत्राची हिंमत नसेल तर फळांचा रस काढायचं दाबयंत्रही चालतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर यंत्र नाही. लगदा थोडा असला की गॅसवरून उतरवून ओतेपर्यंतच गार होतो. पाव किलोच्या लगद्याला भांड्याचा गार काठसुद्धा पुरतो. वायमारजवळच्या हायकेलहाइम गावात क्लोसला वाहिलेलं संग्रहालय आहे आणि त्याच गावातून तयार क्लोस देशभर जातात. यात लोकांना विसंगती दिसते, आळस दिसतो, पिढीचा ऱ्हास दिसतो. मला त्यात पातेल्याचा आकार दिसतो. जर्मनीत आज दर पाचांतल्या दोन घरांत एकच माणूस राहतो, आणि एका माणसापुरता क्लोस घरी धड होत नाही. त्याने पाकीट आणलं तर त्यात त्याचा काय दोष? तेव्हा दोघंच जेवायला असाल तर बटाट्याचं सॅलड करा, तेही छान लागतं. क्लोस करायचेच असतील तर निदान सहा जणांना बोलवा, आणि लगद्याचं भांडं आधी गरम करून घ्या.