उघडलेल्या यंत्राचा हिशेब

थिकनेस प्लेनरमधला सरळ पात्यांचा कटर ब्लॉक काढून त्याच्या जागी कार्बाइडच्या चौकोनी इन्सर्टचा सर्पिल ब्लॉक बसवायचा, हा विचार लाकूडकाम करणाऱ्याच्या मनात आज ना उद्या येतोच. सागवानात सिलिका असते आणि ती पोलादी पात्याची धार लवकर खाते. कार्बाइड तिच्यासमोर कितीतरी जास्त टिकते. इन्सर्टची एक बाजू बोथट झाली की स्क्रू सैल करून ते पाव फेरा फिरवायचे, की नवी धार हजर. सरळ पाते फळीच्या पूर्ण रुंदीवर एकदम आदळते. इन्सर्ट थोडे थोडे, एकामागून एक कापत जातात, म्हणून आवाज उतरतो आणि उलट्या रेषेचे लाकूडही सहसा उचकटत नाही. या सगळ्यावर पुष्कळ बोलले जाते. त्या ब्लॉकच्या दोन टोकांना असलेल्या बेअरिंगांचा आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसलेल्या ऑइल सीलचा विषय मात्र यंत्र उघडल्यावर निघतो, आणि तोही ‘जुनीच चालतील का?’ अशा घाईच्या प्रश्नाने. माझे उत्तर स्पष्ट आहे: चालवू नयेत. पण त्याचे कारण सहसा सांगतात ते नाही. बेअरिंग जुने झाले म्हणून ते बदलायचे नसते. ते उपसून काढले म्हणून बदलायचे असते.

नवा ब्लॉक बेअरिंगकडून काय मागतो ते आधी पाहू. मिनिटाला 5000 फेरे घेणारा, 75 मिलिमीटर व्यासाचा ब्लॉक धरला, तर त्याची धार सेकंदाला जवळजवळ 20 मीटर, म्हणजे ताशी 70 किलोमीटरच्या वेगाने लाकडाला भिडते. तीन पात्यांच्या ब्लॉकखालून फळी मिनिटाला 5 मीटर सरकत असेल, तर दर 0.33 मिलिमीटरला एक काप पडायला हवा. पण तीनपैकी एक पाते इतरांपेक्षा जरा पुढे आले, की शेवटी लाकडावर उरते ते त्याचेच काप, आणि ओळी तिप्पट अंतरावर उमटतात. सरळ पात्यांच्या ब्लॉकमध्ये सुताराला निदान सुधारणेची सोय असते. टेबलाच्या संदर्भाने प्रत्येक पाते वरखाली करून शाफ्टची थोडी केंद्रच्युती तो झाकू शकतो. इन्सर्टला ती सोय नाही. त्याची बैठक कारखान्यात कायमची कोरलेली असते, त्यामुळे बेअरिंगमध्ये जी खोट असेल ती मधे कुठेही न अडता थेट फळीवर उतरते. ब्लॉक जितका अचूक, तितका त्याला धरणाऱ्या बेअरिंगचा दोष उघडा पडतो. उत्तम ब्लॉक घेऊन शंकास्पद बेअरिंगवर फिरवला, तर ज्या अचूकतेसाठी पैसे मोजले तीच वाया जाते.

आता काढण्याची क्रिया पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तिथे आहे. कटर ब्लॉकमध्ये आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते आणि पट्ट्याची ओढ कायम एकाच दिशेने असते. अशा वेळी आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसवावी लागते, नाहीतर ती शाफ्टवर घसरत राहते आणि शाफ्टच झिजवते. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये त्या मानाने मोकळी असते. म्हणून ब्लॉक बाहेर ओढला की बेअरिंग बहुधा शाफ्टला चिकटूनच येते. पुढे पुलर लावायचा, तर त्याच्या पायांना आतल्या रिंगमागे शिरायला जागा क्वचितच मिळते. मग ते बाहेरच्या रिंगला अडकवले जातात, आणि सारा जोर एका रिंगेतून गोळ्यांमधून दुसऱ्या रिंगेत जातो. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल याने 1900 साली धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत मांडली. कठीण गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. पुलरचा दांडा फिरवताना नकळत तोच प्रयोग बेअरिंगच्या वाटेवर होतो, आणि अशा खळग्यांना यंत्रशाळेत आजही ब्रिनेलचेच नाव आहे. बोटांनी फिरवून पाहिल्यास ते सहसा कळत नाहीत, कारण हातात बेअरिंगवर भार नसतो आणि जाड ग्रीस बारीक खडखड गिळून टाकते. ‘हाताला गुळगुळीत लागले’ ही साक्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

यावर पहिला आक्षेप गणिताचा आहे आणि तो वजनदार आहे. 25 मिलिमीटर शाफ्टवरचे 6205 बेअरिंग उदाहरणाला घेऊ. त्याची भारक्षमता सुमारे 14 किलोन्यूटन. त्यावर अर्धा किलोन्यूटन, म्हणजे पन्नासेक किलोचा भार सतत आहे असे मानले, तर गोळ्यांच्या बेअरिंगच्या घनाच्या नियमाने 5000 फेऱ्यांवर आयुष्य 73,000 तासांच्या घरात जाते. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तरी तीस वर्षे. मग पाच वर्षे चाललेले बेअरिंग का फेकावे? कारण हे आयुष्य धातूच्या थकव्याचे आहे. वाट निर्मळ, ग्रीस ताजे आणि आतला पृष्ठभाग बिनखळग्याचा, हे त्यात गृहीत आहे. प्लेनरचे बेअरिंग थकून मरेपर्यंत सहसा पोचतच नाही. पिठासारखा भुसा, वाळलेले ग्रीस, कोकणात पावसाळाभर बंद पडलेल्या यंत्रात शिरलेला दमटपणा आणि चुकीची ठोकाठोक यांनी ते आधीच जाते. खळगा पडलेल्या बेअरिंगला तीस वर्षांचा हिशेब लावता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे: चालत्या यंत्राला हात लावूच नये. याला अनुभवी मिस्त्रीचा हट्ट म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. अमेरिकी विमान कंपनी युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी 1978 साली विमानांच्या देखभालीवर अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी 68 टक्क्यांमध्ये बिघाडाची शक्यता भाग नवा असतानाच सर्वाधिक आढळली, आणि ठराविक वयाला भाग बदलल्याने फायदा होईल असे भाग थोडेच निघाले. हे मला पूर्ण मान्य आहे. व्यवस्थित चालणाऱ्या प्लेनरची बेअरिंगे केवळ पाच वर्षे झाली म्हणून उपसू नयेत, असेच मी म्हणेन. पण ब्लॉक बदलताना यंत्राला हात लागलेलाच असतो. तिथे ‘न छेडलेले जुने की नवे’ हा पर्यायच उरत नाही. निवड असते ती ‘ओढून काढून पुन्हा ठोकलेले जुने’ आणि ‘नीट बसवलेले नवे’ यांच्यात. बसवण्याची जोखीम दोन्हीकडे सारखीच आहे. जुन्याच्या खात्यात काढण्याची जखम जास्तीची आहे.

त्या आक्षेपाने दिलेला इशारा मात्र उपयोगी आहे: नवे बेअरिंग वाईट बसवले तर ते जुन्याहून वाईट. म्हणून बसवण्याच्या रीतीला या कामात भाग निवडण्याइतकेच महत्त्व आहे. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवरच यावा, त्यासाठी बरोबर मापाची नळी हवी. गरम करून चढवायचे तर सीलबंद बेअरिंग 80 अंशांपलीकडे नेऊ नये, ग्रीस आणि रबर दोन्ही बिघडतात. खोलीचे तापमान 30 अंश धरले, तर एवढ्या उष्णतेने 25 मिलिमीटरचे भोक सुमारे 15 मायक्रॉन मोठे होते, आणि पुष्कळदा तेवढी ढील पुरते. दोन्ही बाजूंना पातळ रबराच्या ओठाचे बेअरिंग घ्यावे की नुसत्या पत्र्याच्या ढालीचे, हेही ठरवावे लागते. पत्र्याच्या कडेला फट असते, रबर आतल्या रिंगला टेकते. टेकण्यामुळे वेगाची मर्यादा खाली येते, पण 6205 मध्ये ती साडेआठ हजार फेऱ्यांच्या आसपास राहते, म्हणजे पाच हजारांच्या ब्लॉकला पुरेशी. पट्ट्याच्या बाजूला भुसा आहे, तिथे रबरच हवे. गिअरबॉक्सच्या बाजूचे बेअरिंग काही यंत्रांत तेलाच्या शिंतोड्यांवर जगते. तिथे मूळ जसे उघडे होते तसेच घ्यावे, नाहीतर तेल आत जाण्याची वाटच बंद होते.

ऑइल सीलचे म्हणणे बेअरिंगपेक्षा थोडक्यात सांगता येते. त्याचा ओठ जुन्या शाफ्टवर वर्षानुवर्षे घासून त्याच शाफ्टच्या आकाराचा झालेला असतो आणि उष्णतेने कडक पडलेला असतो. नव्या ब्लॉकच्या गुळगुळीत शाफ्टवर तो नीट बसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. नवे सील मात्र चावीच्या खाचेच्या धारदार कडेवरून कोरडे सरकवले, तर पहिल्या मिनिटातच कापले जाते. खाचेवर कागद किंवा चिकटपट्टी गुंडाळावी, ओठाला तेल लावावे, आणि स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी. गळणारे सील तेल घालवते, गिअर कोरडे पाडते आणि तेलकट थेंब फळीवर टाकते. पॉलिशच्या वेळी तोच डाग वर येतो.

राहिला खर्च. दोन बेअरिंगे आणि एक सील यांची किंमत नव्या ब्लॉकच्या किमतीचा अगदी लहान अंश असते. खरा खर्च असतो यंत्र उघडण्याचा: पट्टे, पुली, गिअरबॉक्सचे झाकण, तेल, अर्धा-पाऊण दिवस आणि थांबलेले काम. वर्षभराने बेअरिंग बोलू लागले, तर हा सगळा खर्च पुन्हा येतो, शिवाय नवा, महागडा ब्लॉक पुन्हा ओढून काढावा लागतो. बाजारात नकली बेअरिंगे फिरतात, हेही खरे आहे. पण त्याचा निष्कर्ष जुने वापरावे असा निघत नाही, अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्यावे असा निघतो. म्हणून नव्या ब्लॉकची मागणी नोंदवतानाच यंत्राच्या पुस्तिकेतून बेअरिंगांचे क्रमांक, त्यापुढची अक्षरे आणि सीलची तिन्ही मापे लिहून घ्यावीत, आणि ती ब्लॉकच्या आधी कपाटात हजर असावीत. जुने बेअरिंग हातात धरून फिरवत ‘चालेल की’ असे म्हणण्याचा मोह यंत्र उघडे असतानाच होतो. त्या घटकेला शेजारी नवे बेअरिंग तयार असेल, तर तो प्रश्न विचारावाच लागत नाही.