तुळजापूरच्या वाटेवर शेळीच्या दुधाचा साबण

मैत्रिणींनो, सोलापूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला गेला असाल, तर एस.टी.च्या खिडकीतून तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. जेमतेम ४५ किलोमीटरची वाट, बालाघाटचा उघडा माळ, बोरी-बाभळी आणि मागच्या दोन पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडणाऱ्या काळ्याभोर शेळ्या. ही उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. इथं पाऊस बेताचा. म्हैस पोसणं झेपत नाही त्या घरी दारात हीच. थोड्या चाऱ्यावर तग धरते आणि पुष्कळदा जुळी करडं देते.

दूध मात्र थोडं, दिवसाला अर्धा ते दीड लिटर. ते डेअरीत कोण घेणार?

"वास येतो म्हनत्यात, ताई. करडं प्याली की उरंल ते चहाला," तुळजापूरजवळच्या एका वस्तीवर मावशी सांगत होत्या. खरं तर तो वास बोकडाचा. बोकड लांब बांधला, भांडी लख्ख ठेवली, की दुधाला तो फारसा लागत नाही. पण एकदा नाव पडलं की पडलं!

या भागातल्या काही बायका आता याच दुधाचा साबण करतात. शेळीला चारापाणी बाईनं करायचं, बाजारात विकायला न्यायची ती घरच्या पुरुषानं, अशी जुनी रीत. साबणाचे पैसे मात्र मावशींच्या कनवटीला राहतात. त्यातून त्यांनी नातीच्या शाळेची सायकल घेतली.

तुम्हांला घरी करायचा असेल, तर माप वाटीनं नको, वजनकाट्यानंच घ्या. खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल २००, एरंडेल ५०, शेळीचं दूध १७० ग्रॅम आणि शुद्ध कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम. मोरी साफ करायची पावडर त्याऐवजी चालणार नाही. दूध आधी फ्रीजरमध्ये गोठवा. सोडा पडला की दूध एकदम तापतं, त्यातली साखर करपते, मग साबण तपकिरी होतो आणि उग्र वास मारतो. मावशींच्या गटात फ्रीज एकीकडेच आहे, सगळ्यांचं दूध तिथं गोठतं.

बर्फाचे खडे स्टीलच्या पातेल्यात घेऊन ते थंड पाण्यात ठेवा आणि सोडा चिमटीचिमटीनं नव्हे, चमच्यानं थोडा थोडा भुरभुरा. सोडा दुधात घालायचा, दूध सोड्यावर कधीही ओतायचं नाही. अॅल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको, सोडा ते खातो. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी आणि मुलं शेजारी पाठवलेली. यात कंटाळा करू नका, बायांनो, हा सोडा डोळा घालवू शकतो. अंगावर उडाला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, डोळ्यात गेला तर धुऊन तडक डॉक्टरांकडे जा.

सोडा पूर्ण विरघळला की ते दूध कोमट तेलात ओतून घोटत राहा. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं आणि पळीची धार वर क्षणभर उमटून राहिली, की साच्यात ओता. गोधडीत गुंडाळू नका, दुधाचा साबण आतून आपणच तापतो. दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या पाडा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर ठेवा.

याने रंग उजळतो, इसब जातो, असं कुणी सांगेल. माझा त्यावर विश्वास नाही. साबण होताना तयार झालेलं ग्लिसरीन आणि थोडं तेल वडीत राहतं, म्हणून अंग ओढल्यासारखं होत नाही, इतकंच. थंडीच्या दिवसांत तेही काही थोडं नव्हे.

तुळजापूरला गेलात तर बचतगटाच्या बायकांकडे चौकशी करा. वडी हातात घेऊन कधी केली ते विचारा. महिना झाला नसेल, तर घरी आणून उरलेले दिवस उघडी ठेवा आणि मगच वापरायला काढा.