चाकाचा आऊट

गॅरेजच्या भाषेत एक मजेदार शब्द आहे, 'आऊट'. "काका, चाकाला आऊट आलाय" असं मिस्त्री म्हणाला, की समजायचं, चाक एका रेषेत फिरत नाही, डुलतंय. मग हा आऊट 'काढावा' लागतो. रिमला तर कुणी रिम म्हणतच नाही, ती 'रिंग'. परका शब्द घ्यायचा, त्याला आपलं क्रियापद जोडायचं आणि तो घरचा करून टाकायचा, हे काम आमच्या भाषाशुद्धीवाल्यांपेक्षा मिस्त्री लोकांनी फार सहज केलं आहे. मराठीच्या मास्तराला कौतुक वाटणारच!

तर मंडळी, पावसाळा संपता संपता आमच्या साताऱ्यात कुठल्याही गॅरेजपुढे जरा वेळ उभे राहा. कुणाचं हँडल एका बाजूला ओढतंय, कुणाच्या पुढच्या शॉकॲबमधून तेल गळतंय, कोनसेट वाजतोय, आणि निम्म्या गाड्यांच्या चाकांना आऊट. सगळ्यांचं कारण एकच. खड्डा.

आपल्याला वाटतं चाक खड्ड्यात पडतं म्हणून मार बसतो. तसं नाही. खरा मार बसतो तो बाहेर पडताना, पलीकडच्या काठाचा. डांबराचा तो काठ पायरीसारखा उभा असतो. चाक त्याच्यावर आदळलं, की टायर चेपतो आणि रिंग जवळजवळ काठालाच टेकते. हवा कमी असेल तर मधे उशीच उरत नाही. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडलेल्या दिसल्या तर तो खिळा नव्हे, रिंगेनं घेतलेला चावा. आणि खड्डा दिसल्यावर आपण काय करतो? शेवटच्या क्षणापर्यंत करकचून ब्रेक दाबून ठेवतो. त्यानं गाडीचं सगळं वजन पुढं येतं, पुढचा शॉकॲब आधीच दबतो, आणि काठाचा तडाखा झेलायला त्याच्याकडे जागाच राहत नाही. ब्रेक खड्ड्याच्या अलीकडे मारावा आणि काठाशी सोडावा. पाण्यानं भरलेल्या खड्ड्यापुढे मात्र कुठलीच अक्कल चालत नाही. तो चार बोटं खोल आहे की गुडघाभर, हे आत गेल्यावरच कळतं.

पूर्वीच्या चेतकचं दहा इंची चाक अशा खड्ड्यात पार आत जायचं. मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची चाक त्यावरून पुष्कळसं निभावून नेतं. थोरलं चाक खड्ड्यात कमी उतरतं, एवढं साधं गणित आहे.

तारांच्या चाकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही गंमत मलाही फार उशिरा कळली. बैलगाडीच्या चाकात तुंब्यातून निघालेला आरा खांबासारखा उभा राहून वजन पेलतो. मोटारसायकलची तार इतकी बारीक, की ती खांब होऊच शकत नाही, वाकून जाईल. ती फक्त ओढते. साधारण छत्तीस तारा रिंगेला सगळीकडून मध्याकडे ओढून धरतात आणि त्या ओढाओढीतून चाक गोल राहतं! खड्डा बसला, की हा तोल बिघडतो. काही तारा सैल होतात, उरलेल्यांवर जास्त ताण येतो, आणि मग त्यातली एखादी तुटते. मिस्त्री आधी पान्यानं तारा वाजवून बघतो. ताणलेली तार खणकन वाजते, सैल तार बद्द. मग चाक स्टँडला लावून फिरवायचं आणि रिंगेजवळ खडू धरायचा. जिथं रिंग बाहेर आली असेल तिथं रेघ उमटते. तिथली एका अंगाची तार सैल करायची, दुसऱ्या अंगाची आवळायची. निप्पल अर्धा फेरा, पाव फेरा. साताऱ्यात एका मिस्त्रीला हे काम करताना मी तास-दीड तास बघत बसलो आहे. (रिकामा वेळ आहे, दुसरं काय!) बोलत नाही, मान वर करत नाही, मधूनच खडू बदलतो. रिंगेला पोचा आला असेल तर मात्र तारा ओढून भागत नाही, ठोकावी तरी लागते किंवा बदलावी.

या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे ओतीव चाकांच्या, म्हणजे अलॉयच्या गाड्या वाढल्या. दिसायला देखणी, तारा आवळायची कटकट नाही, ट्यूबही नको. पण तारांचं चाक दुखलं की बोलतं, कुरकुरतं, डुलतं. अलॉयचं चाक मुकाट्यानं सोसतं आणि एखाद्या दिवशी तडकतं.

हे माझ्या पुतण्याच्या बाबतीत झालं. तो आष्ट्याला राहतो आणि नोकरीसाठी रोज मोटारसायकलनं सांगलीला जातो. पेठ-सांगली रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. या रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी किती आंदोलनं झाली! तर पुतण्याच्या पुढच्या चाकातली हवा रोज थोडी थोडी कमी व्हायची. पंक्चर सापडेना. शेवटी एका पंक्चरवाल्यानं चाकाला साबणाचं पाणी लावलं, तेव्हा बुडबुडे टायरमधून नव्हे, खुद्द चाकातून आले. केसाएवढी चीर!

नवीन चाकाला चारेक हजार. एक वेल्डिंगवाला म्हणाला, हजाराच्या आत चीर भरून देतो, कळणारसुद्धा नाही. पुतण्याचा कल तिकडेच. महिनाअखेर होती, त्याचंही चुकत नव्हतं. पोरांच्या फिया, घराचा हप्ता, त्यात हे. फोनवर मला म्हणाला, "काका, इथं सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात हे खरं आहे, आणि का करतात हेही खरं आहे. एका चाकासाठी विम्याचा दावा केला तर नो-क्लेम बोनस जातो, म्हणून कुणी त्या भानगडीत पडत नाही. दुचाकीला महामार्गावर टोल नाही म्हणतात. नसेल. तो रिंगेतून वसूल होतो.

मला नेहमी एक कोडं पडायचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, सांगलीला जेमतेम पाच-सहाशे. मग सांगलीकडे एवढे खड्डे कसे? उत्तर जमिनीत आहे. कृष्णाकाठची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं, तडकतं, आणि तडकल्या जागेतून पाणी आत जातं. कडेच्या चऱ्या बुजलेल्या, दोन्ही बाजूंना उसाचं ओलं रान, त्यामुळे पाणी निचरत नाही. वरून उसानं भरलेल्या ट्रॉल्या जातात तेव्हा आतलं पाणी खडीपासून डांबर सोडवत राहतं. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. मग भर पावसात खड्ड्यात मुरूम टाकतात. तो आठ दिवसांत उडून जातो आणि सुटी खडी रस्त्यावर पसरते, म्हणजे खड्ड्यातून वाचलेला खडीवर घसरतो. खड्डा चौकोनी कापायचा, कोरडा आणि साफ करायचा, डांबराचा हात द्यायचा आणि मग भरून दाबायचा, ही पद्धत काही गुपित नाही. पण त्याला कोरडा दिवस लागतो आणि उभं राहून करून घेणारा माणूस लागतो.

२०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच, गौतम पटेल यांनी, खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच जनहित याचिका झाली. तिच्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं आदेश दिला, की खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची. फार चांगलं झालं. पण हिशेब सुरू होतो तो माणूस पडल्यावर. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसं गेली, हा आकडा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्यातल्या कितीजणांचं चाक त्याआधी आठवडाभर हवा सोडत होतं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? चाकांची नोंद कुणी ठेवत नाही. खरं म्हणजे रस्ता किती बिघडलाय ते सगळ्यात आधी तीच सांगतात.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की ओतीव अॅल्युमिनियमला कारखान्यात जो कस दिलेला असतो, तो वेल्डिंगच्या आचेनं चिरेच्या आसपास उतरतो. चीर बुजेल, पण शेजारची जागा कच्ची होईल. वरून रंग मारला की तुला दिसणार नाही, आणि पुढचा खड्डा काही रंग बघून बसत नाही. मागच्या सीटवर सूनबाई असते, हेही बोललो. त्याला राग आला असावा, कारण दोन दिवस फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं नवं चाक बसवल्याचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही.

मी लगेच फोन करून विचारलं, जुनं चाक कुठाय? गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलं म्हणाला, दोनशे रुपये कमी केले त्याचे. म्हटलं, ते दोनशे परत दे आणि चाक घेऊन ये. नाहीतर चीर बुजवून, रंग मारून ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागेल. बडबडला बराच, पण घेऊन आला. आता ते त्यांच्या परसात भिंतीला टेकून उभं आहे. वहिनींनी त्याच्यावर दोडक्याचा वेल सोडलाय.