मोड, देव्हारा आणि तिसरी वाट

जुन्या वस्तूंच्या नशिबीं आमच्या घरांतून दोनच गति असतात. एक मोडीची आणि दुसरी देव्हाऱ्याची. आजीचें तांब्याचें घंगाळ गळूं लागलें कीं तें मोडींत जातें व त्याच्या बदल्यांत स्टेनलेसचे डबे घरांत येतात. आजोबांची पगडी मात्र कांचेच्या पेटींत विराजमान होते, आणि वर्षांतून एकदां ती पाहुण्यांस दाखविली कीं आमचें कर्तव्य संपतें. वस्तु जुनी झाली तरी ती वापरावी, तिच्याकडून काम करून घ्यावें, प्रसंगीं तिला खरचटूंहि द्यावें, हा विचार आम्हांस चिकूपणाचा तरी वाटतो किंवा पापाचा तरी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचेंच पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यांत जन्मलेली ही गाडी दोनतीन पिढ्यांच्या ओळखीची. अशी शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि टॅक्सीला घालून दिलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपतांच २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रस्त्यांवरून नाहींशी झाली. तेव्हां केवढी हळहळ व्यक्त झाली! पण हळहळणाऱ्यांपैकीं पुष्कळजण त्यापूर्वीं कित्येक वर्षें एखादी नवी, थंडगार टॅक्सी मिळावी म्हणूनच फुटपाथवर ताटकळत उभे राहत आले होते.

या दोन गतींखेरीज तिसरीहि एक असूं शकते, हें मीं २०२४ च्या सप्टेंबरांत इंग्लंडमध्यें पाहिलें. माझी थोरली बहीण अर्धशतकाहून अधिक काळ तिकडे राहत आहे. तिचा मुलगा जुन्या मोटारींच्या एका लहानशा मंडळाचा सभासद आहे. निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य, एक बसचालक, दोघे सुतार असे हे पंधरावीस गृहस्थ आठवड्याचे पांच दिवस पोटासाठीं आणि उरलेले दोन कार्ब्युरेटरसाठीं खर्च करतात. दर वर्षीं सप्टेंबरांत ही मंडळी आपापल्या गाड्या घेऊन, वारीला निघावें तशी, ओळीनें गुडवुडच्या जुन्या मोटारशर्यतींस जाते. वाटेंत एखाद्या गाडीनें दम टाकला तर सगळी दिंडी थांबते. कोणी थर्मास उघडतो, कोणी बॉनेट, आणि या दोहोंपैकीं कशांत अधिक आनंद आहे हें त्यांच्या चेहऱ्यांवरून सांगतां येत नाहीं.

भाच्याची गाडी १९५९ सालची मॉरिस मायनर. ॲलेक इसिगोनिस या कल्पक इंजिनिअरानें आंखलेली ही गाडी १९४८ सालीं प्रथम लोकांपुढें आली, आणि पुढें तिच्या १६ लाखांवर प्रति तयार झाल्या. तिचेंच थोरलें भावंड, मॉरिस ऑक्सफर्ड, आपल्याकडे ॲम्बॅसडर हें नांव धारण करून २०१४ पर्यंत निघत होतें. त्यामुळें तिचे गोल खांदे पाहून मला परकें वाटलें नाहीं. वळण आलें कीं तिच्या दोन दारांमधल्या खांबांतून एक चिमुकला पिवळा हात बाहेर येतो आणि वळण संपलें कीं लाजून आंत जातो. ही गाडी मूळची माझ्या मेहुण्यांची. आम्ही त्यांना दाजी म्हणत असूं. तीन वर्षांपूर्वीं ते वारले तेव्हांपासून ताई त्या गाडींत बसली नव्हती. भाच्याच्या नव्या घराला गाडी ठेवण्यास जागा नव्हती आणि एक गिऱ्हाईकहि तयार होतें. “विकण्यापूर्वीं एकदां आईला घेऊन जाऊं. मामा, तुम्ही सांगितलंत तर ती येईल,” असें तो मला म्हणाला. मीं सांगितलें, आणि ती आली.

गुडवुड हें ससेक्स परगण्यांत चिचेस्टर गांवाजवळ आहे. महायुद्धांत येथें वेस्टहॅम्पनेटचा विमानतळ होता. १९४० च्या उन्हाळ्यापासून लढाऊ विमानें येथून उडत. दोन्ही पाय गमावलेला विख्यात वैमानिक डग्लस बेडर १९४१ सालीं येथूनच उड्डाण करीत असे. युद्ध संपलें, विमानें गेलीं, आणि मैदानाभोंवतालचा रस्ता तेवढा उरला. जमिनीचे धनी, रिचमंडचे नववे ड्यूक, हे तरुणपणीं स्वतः शर्यती जिंकलेले गृहस्थ. सुमारें २.४ मैलांच्या या रस्त्यावर १८ सप्टेंबर १९४८ रोजीं त्यांनीं शर्यती सुरू केल्या. ब्रिटनमध्यें त्या वेळीं पेट्रोलचें रेशनिंग होतें. तें १९५० सालीं उठलें. कुपनें मोजून पेट्रोल घेणाऱ्या माणसांना दुसऱ्यांनीं तें मनसोक्त उधळलेलें पाहण्यांत आनंद वाटावा, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें. त्या दिवशीं लहान गाड्यांची शर्यत जिंकणारा स्टर्लिंग मॉस आदल्याच दिवशीं १९ वर्षांचा झाला होता. पुढें जगभर कीर्ति मिळविलेल्या या पुरुषाची ऐन भरांतली कारकीर्द १९६२ सालीं याच रस्त्यावरील अपघातानें संपली. १९६६ पर्यंत गाड्यांचा वेग इतका वाढला कीं रस्त्याचें रूप पालटल्यावांचून शर्यती चालविणें धोक्याचें झालें. ड्यूकांनीं रस्ता पालटला नाहीं, शर्यतीच थांबविल्या. त्यानंतर तेथें गाड्यांच्या चांचण्या होत राहिल्या, आणि अशाच एका चांचणींत १९७० सालीं ब्रूस मॅक्लॅरन मरण पावला. शेवटीं १९९८ सालीं, बरोबर ५० वर्षांनीं व त्याच तारखेस, ड्यूकांच्या नातवानें शर्यतींचें पुनरुज्जीवन केलें.

हें पुनरुज्जीवन म्हणजे नुसतें प्रदर्शन असेल, गाड्या मिरवणुकींतल्या हत्तींप्रमाणें झुलत जातील, अशी माझी कल्पना होती. पहिल्याच वळणावर ती नाहींशी झाली. त्या काळच्या शर्यतीच्या गाडीचें आज मोल काय, हें सांगावयाचें तर १९६२ सालची एक फेरारी जीटीओ २०१८ सालीं अमेरिकेंतील लिलावांत ४ कोटी ८४ लाख डॉलरांस गेली. असल्या तोलामोलाच्या गाड्या येथें एकमेकींना खेटून, घसरत, किंचाळत वळणें घेतात. पत्रे चेंबतात, आरसे उडतात, आणि संध्याकाळीं मालक हातोडी घेऊन बसतो. मात्र काळाची एक गोष्ट या मंडळींनीं निमूटपणें मान्य केली आहे. २०२४ सालीं सर्व शर्यती मुख्यतः अखनिज घटकांपासून केलेल्या नव्या इंधनावर झाल्या. देह जुना, अन्न नवें. पथ्य संभाळून पैलवानकी करणाऱ्या म्हाताऱ्यासारखें तें दिसलें.

लहान मुलांचीहि येथें एक शर्यत असते. ऑस्टिन कंपनीच्या पायांनीं चालविण्याच्या चिमुकल्या मोटारी एका बाजूस उभ्या करतात आणि मुलें दुसऱ्या बाजूनें धांवत येऊन त्यांत उड्या घेतात. प्रेक्षक हंसून बेजार होतात. या खेळण्यांची हकीकत मात्र हंसण्यासारखी नाहीं. १९४९ पासून १९७१ पर्यंत वेल्समधील बारगोड येथें तीं बनत होतीं, आणि बनविणारे होते कोळशाच्या धुळीनें फुप्फुसें निकामी झालेले खाणकामगार. ज्यांना खाणींत पुन्हां उतरतां येईना त्यांना या कारखान्यानें हाताला काम दिलें. इतक्या सुंदर वस्तूच्या मागें इतका खोकला असेल, असें तिच्या चकचकीत रंगाकडे पाहून कोणाच्या मनांत येईल?

गुडवुडला बहुतेक लोक १९४८ ते १९६६ या काळचा पोषाख करून येतात. भाच्यानें मलाहि एक लोंकरी कोट आणि टोपी मिळवून दिली. ताईनें मात्र साधी सुती साडी नेसली. “माझा पोषाख तेव्हांहि हाच होता. मी सोंग कशाला आणूं?” असें ती म्हणाली. गाड्या उभ्या करण्याच्या हिरवळीवर आम्ही चहा घेत बसलों असतां ट्वीडच्या कोटांतले एक वृद्ध इंग्रज गृहस्थ मायनरपाशीं थांबले. त्यांनीं तिच्या टपावरून हात फिरविला आणि ते म्हणाले, “किती निष्पाप काळ होता तो!”

ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें शांतपणें त्यांना सांगितलें कीं तिचे यजमान १९६५ सालीं डॉक्टर म्हणून या देशांत आले. १९६७ च्या हिंवाळ्यांत त्यांची बदली उत्तरेकडील एका गांवीं झाली. रुग्णालयाला त्यांची गरज होती; पण भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांतून काळ्या माणसांस जागा नसल्याच्या पाट्या होत्या. आठच दिवसांपूर्वीं ही गाडी त्यांनीं जुनी म्हणून विकत घेतली होती. दोन रात्री ते तिच्या मागच्या बांकावर पाय पोटाशीं घेऊन निजले आणि सकाळीं दाढी करून रोगी तपासावयास गेले. घरें भाड्यानें देतांना असा भेद करणें बेकायदा ठरलें तें १९६८ च्या कायद्यानें.

त्या गृहस्थांनीं डोक्यावरची टोपी काढली. “माझी आई खोल्या भाड्यानें देत असे,” ते म्हणाले. “आमच्या खिडकींतहि तशी पाटी होती. मी तेव्हां शाळेंत होतों.” त्यांनीं सबबी सांगितल्या नाहींत. ताईनेंहि त्यांना कांहीं विचारलें नाहीं. तिनें थर्मासच्या टोपणांत चहा ओतला आणि त्यांच्यापुढें धरला. ते बराच वेळ आमच्यापाशीं बसले होते. गाडीविषयीं ते पुन्हां बोलले तें इतकेंच, कीं हिंवाळ्यांत या गाड्यांच्या कांचा आंतून गोठतात.

दाजींच्या त्या दोन रात्रींची एक खूण गाडींत अद्याप आहे. मागच्या बांकाच्या कडेला बुटाच्या टाचेनें पडलेली वीतभर चीर. मंडळांतील एका वाकबगार सभासदानें ती पाहून, बांक नव्यासारखा करून देण्याचें मोठ्या आपुलकीनें कबूल केलें. तसें केल्यास गाडीची किंमतहि वाढेल, असें त्यानें सांगितलें. भाच्याला तें पटत होतें. ताई म्हणाली, “इंजिन नवं घाल, चाकं नवीं घाल. गाडी चालती ठेव, बंद करून झांकून ठेवूं नकोस. पण ती चीर तेवढी राहूं दे.” परततांना भाच्यानें त्या गिऱ्हाइकाचें नांव काढलें नाहीं.

गतकालावर प्रेम करणाऱ्यांना मी कधीं हंसलों नाहीं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला तो अधिकारहि नाहीं. परंतु हें प्रेम लबाड होऊं शकतें. तें गाडीचा रंग आठवतें आणि खिडकींतली पाटी विसरतें. खेळणें जपतें आणि खाणकामगाराचा खोकला गाळतें. आमच्याकडेहि जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं पुरातन देवळांच्या काळ्या पाषाणावर तैलरंगाचे थर चढतात. देऊळ नवें दिसतें, पण शतकानुशतकें हातांच्या स्पर्शानें गुळगुळीत झालेला खांब आपली साक्ष देईनासा होतो. दुरुस्ती आणि खोडाखोड यांतील सीमा फार बारीक आहे. झिजलेली कडी बदलावी, गळतें छप्पर शाकारावें. पण झीज ज्या माणसांनीं केली त्यांची खूण पुसूं नये. ती पुसली तर मागें उरते ती वस्तु खरी, पण तिची आठवण बनावट.

आणि मोड व देव्हारा यांच्यामधली ही वाट आम्हांला अगदींच अनोळखी आहे असेंहि नाहीं. दसऱ्याला आम्ही मोटारीला, सायकलीला, टाइपरायटरलासुद्धां झेंडूचीं फुलें वाहतों, हळदकुंकू लावतों, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच वस्तूला कामाला जुंपतों. पूजेनें तिचें काम सुटत नाहीं आणि कामानें तिचें देवपण जात नाहीं. हा भाव वस्तु नवी असेतोंच टिकतो, एवढेंच काय तें आमचें उणें. ती म्हातारी झाल्यावरहि तिला तेंच फूल आणि तेंच काम देतां आलें, तर इंग्लंडांतील त्या पंधरावीस गृहस्थांपासून आम्हांस शिकण्यासारखें फारसें कांहीं उरणार नाहीं.